शूटिंग करणाऱ्याची जागा

पर्वतीच्या पायथ्याला मंडळाच्या मांडवात त्या संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचं नाटक होतं. आठ मिनिटांचं, विषय एकच: खुन्नस. क्लासवरून येणाऱ्या पोराला कोपऱ्यावरचा एक ‘भाई’ ‘काय बघतोस रे?’ म्हणतो, मागचे मित्र चढवतात, एक जण मोबाईलवर शूट करतो आणि भाईचा हात शर्टाच्या मागे जातो. तिथेच नाटक थांबतं.

कोयता आम्ही दाखवतच नाही, पुठ्ठ्याचासुद्धा नाही. वस्तू हातात आली की शिट्ट्या पडतात आणि भाईचं काम करणारा पोरगा नंतर वस्तीत त्याच नावाने ओळखला जातो. गल्लीचं किंवा खऱ्या माणसाचं नावही संहितेत येऊ देत नाही. कुणाचं जुनं भांडण त्यात दिसलं, तर खेळ संपायच्या आत नवा मॅटर उभा.

पद्धत ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांची, १९७०च्या दशकातली: फोरम थिएटर. आधी नाटक सलग दाखवायचं. मग पुन्हा सुरू करायचं आणि प्रेक्षकांतल्या कुणीही ‘थांब’ म्हणून एका पात्राची जागा घ्यायची. ज्याच्यावर दबाव आहे तो, किंवा त्याच्या बाजूने उभा राहू शकेल असा कुणी, एवढ्यांचीच जागा घेता येते. भाईची नाही. त्याला एकदम गरीब गाय करून टाकलं की प्रश्नच मिटतो, आणि कोपऱ्यावर तसं होत नसतं. सूत्रधार उत्तर देत नाही, फक्त विचारतो: हे खरंच होईल का?

त्या दिवशी सूत्रधार मी होतो. सुरुवातीचे उपाय ठरलेले असतात. ‘मी असतो तर आधीच ठेवून दिली असती.’ ठेव म्हणायचं. मग भाईचे चारही मित्र पुढे सरकतात आणि उत्तर आपोआप मिळतं. ‘पोलिसांना फोन करू.’ कर म्हणायचं आणि मांडवाला मोठ्याने साठपर्यंत आकडे मोजायला लावायचे. तोवर भांडण चालूच. ‘अठराच्या आत काही होत नाही,’ हे कुणीतरी म्हणतंच. इथे मात्र खेळ थांबवून सरळ सांगावं लागतं, की २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक तपासणी करतं आणि त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो.

मग एकाने मित्राची जागा घेतली. ‘चल, तुझ्या आईचा फोन आलाय, घरी पाहुणे आलेत.’ सगळे हसले, पण हा उपाय माझ्या मते सर्वांत कामाचा. मान खाली न घालता निघून जायला कारण मिळतं. पोरं घाबरून थांबत नाहीत, बहाणा मिळाला तर थांबतात.

त्यानंतर कॉलेजच्या वयाची एक मुलगी उठली. ‘मला शूटिंग करणाऱ्याची जागा पाहिजे.’

नियमात हे बसत नव्हतं. मांडवाला विचारलं, हा कुणाच्या बाजूने? कुणी म्हणालं, भाईच्या; कुणी म्हणालं, कुणाच्याच नाही. एवढा वाद पुरेसा होता, तिला येऊ दिलं. ती काही बोलली नाही. मोबाईल घेतला, पाठच्या खिशात टाकला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. भाईने दुसऱ्यांदा ‘काय बघतोस’ म्हटलं ते अर्धवटच. नजर सारखी तिच्या हाताकडे जाऊ लागली. शेवटी संहितेत नसलेलं वाक्य त्याच्या तोंडून आलं: ‘आता कुणाला दाखवू?’

मागून लगेच आवाज आला, शूटिंग असलं तर पुरावा राहतो! मुद्दा खरा होता. मुलगी म्हणाली, ‘मग पोलिसांना दे ना. ग्रुपवर कशाला टाकतोस?’ पुढचा सगळा वेळ त्यावरच गेला: कोण काढतं, कोण पुढे पाठवतं, खाली ‘भाई’ कोण लिहितं. कोपऱ्यावरच्या भांडणाला प्रेक्षक लागतो, हे आमच्यापेक्षा मांडवाला जास्त ठाऊक होतं.

खेळानंतर भूमिका उतरवणं कधी टाळत नाही. सगळे गोलात उभे राहतात, भूमिकेचा शर्ट काढून देतात, स्वतःचं नाव आणि सकाळी काय खाल्लं ते सांगतात. हे राहिलं तर बाहेर पडताच भाईला टोमणे बसतात, आणि तोही भाईसारखंच उत्तर देतो.

पुढच्या खेळापासून शूटिंग करणाऱ्याला दोन वाक्यं दिली आणि त्याची जागा घ्यायला मोकळी ठेवली. मोबाईल मात्र बंद पडलेला वापरतो. चालू असला तर नाटक संपायच्या आत त्याची क्लिप वस्तीभर फिरते.