कसं केलासा?

खेळायचं सोडून मी कोच कसा झालो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला गेलो, की कुणीतरी हटकतंच, "सर, तुम्ही फॉरवर्ड माणूस. गोल मारायचा नाद सोडून पोरांना शिकवायचं कुठं अंगावर घेतलंसा?"

गुडघा गेला, हे खरंच. पण त्याच्या आधीच एक गोष्ट घडली होती. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमच्या पोरांबरोबर सराव चालला होता. उजवीकडनं क्रॉस आला. मी पुढच्या पोस्टकडे दोन पावलं टाकली, थबकलो, मागं सरकलो आणि मोकळ्यात डोक्यानं बॉल आत सारला. १४ वर्षांचा एक पोरगा पळत आला. "दादा, कसं केलासा?" मला सांगताच येईना. इतकी वर्षं पायांना येत होतं, तोंडाला येत नव्हतं.

घरी येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर हरभरे मांडले. एक मी, एक स्टॉपर, म्हणजे मला अडवणारा मधला बॅक, एक बॉल. दाणे सरकवता सरकवता उमगलं, की मी बॉलकडे बघतच नव्हतो. मी स्टॉपरच्या मानेकडे बघत होतो. मान बॉलकडे वळली, की मी त्याच्या पाठीमागं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला एवढंच सांगितलं, "मान बघ."

पी. के. बॅनर्जींना मी मानतो ते यासाठीच. १९६० च्या रोम ऑलिंपिकला हा फॉरवर्ड भारताचा कप्तान होता. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, त्यातला आपला गोल त्यांचा. १९६२ ला जकार्तात एशियाडच्या फायनललाही त्यांचा गोल होता, सुवर्णपदक आलं. क्लब म्हणाल तर ईस्टर्न रेल्वे. कलकत्त्याच्या मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या बड्या क्लबांकडून ते कधी खेळलेच नाहीत, पण कोच मात्र दोन्हींचे झाले. १९७५ ला आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलला त्यांच्या ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० हरवलं. १९७७ ला त्यांच्याच मोहन बागाननं ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबला २-२ रोखलं. मॅचआधी ते खेळाडूंशी जे बोलायचे, त्याला कलकत्त्यात 'व्होकल टॉनिक' म्हणत. एवढे गोल मारलेल्या माणसाला शब्दही सापडले, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मला तर एक वाक्य सापडायला रात्र लागली.

तो पोरगा आता आमचा फॉरवर्ड आहे. परवाच्या मॅचला कॉर्नर मिळाला. सगळे बॉलकडे बघत होते, हा एकटा स्टॉपरच्या मानेकडे. मान वळली आणि हा अलगद मागच्या पोस्टवर, एकदम मोकळा. बॉल त्याच्यापर्यंत आलाच नाही, पहिल्याच बॅकनं बाहेर काढला. गॅलरीतल्या कुणालाच काही दिसलं नाही. मी रेषेबाहेर उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होतो, मी गोल मारल्यावर ओरडायचो तसा.