वजन वर गेलं

मनोगत लिहून द्या म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो रबरबँड. हसू नका. नववीत आमच्या विज्ञानाच्या सरांनी स्टँडला एक जाड रबरबँड लटकवला, खाली वजन, मागे उभी पट्टी. हे सगळं आदल्या दिवशीच लावून ठेवलेलं, कारण वजन अडकवल्यावर रबर बराच वेळ हळूहळू लांबत राहतं, ते थांबल्याशिवाय रीडिंगला अर्थ नाही. मग हेअर ड्रायर हातात घेऊन विचारलं, गरम केल्यावर वजन खाली जाणार की वर? अख्ख्या वर्गाने खाली म्हणून हात वर केले, माझा सगळ्यात उंच, उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे पाठच होतं ना. ड्रायर चालू झाला आणि वजन वर सरकलं, चांगलं चार-पाच मिलिमीटर! मी म्हणालो, सर, वाऱ्याने ढकललं असेल. सर चिडले नाहीत, ड्रायर थंड हवेवर करून परत दाखवलं, वजन ढिम्म.

मग आम्हा दहा जणांना हात धरून रांगेत ताणून उभं केलं आणि म्हणाले, आता नाचा. नाचायला लागलो तशी रांग वाकडीतिकडी झाली आणि दोन्ही टोकांची पोरं आत खेचली गेली. रबराचे रेणू अशाच लांबलचक साखळ्या, ताणल्या की सरळ होतात, उष्णता दिली की वळवळून गोळा व्हायला बघतात. न ताणलेलं रबर मात्र गरम झालं की फुगतंच, तेही स्टीलच्या साधारण 15-20 पट. म्हणजे मी पूर्ण चुकलो नव्हतो, असं मी तेव्हाही म्हणालो होतो, कुणी ऐकलं नाही.

रबरबँड ओठाला लावून झटकन ताणायचा, गरम लागतो, सैल सोडला की गार. ओठाने ही गोष्ट पकडणारे जॉन गॉफ दृष्टिहीन होते आणि त्यांनी ती 1805 मध्ये छापली, हे सरांनीच सांगितलेलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गभर सगळे ओठाला रबर लावून बसलेले, बाई बघून गेल्या आणि काही बोलल्याच नाहीत.

पुढे माझं कामच रबरी सीलशी आलं. थंडीत सील आक्रसतं, शिवाय कडकही होतं, मग धातूला नीट चिकटून बसत नाही आणि गळती सुरू. चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचा 1986 चा अपघात अशाच गारठलेल्या सीलमुळे झाला. नैसर्गिक रबर तर उणे 70 अंशांच्या आसपास काचेसारखं होतं, आपटलं की तुकडे.

सहामाहीच्या पेपरात मी सवयीने परत लिहिलं, उष्णतेने सर्व पदार्थ प्रसरण पावतात. सरांनी ‘सर्व’ला लाल गोल केला, शेजारी छोटा रबरबँड काढला आणि अर्धा मार्क कापला.