दुपारी पत्ता विचारू नये

दाताच्या डॉक्टरांची अडीचची अपॉइंटमेंट, क्लिनिक सदाशिव पेठेत. आता सदाशिव पेठेत दुपारी एक ते चार पत्ता विचारायचा तरी कुणाला? शटरं खाली, ओट्यावर एक मांजर, आणि बंद दुकानावर पाटी, ‘येथे पत्ते सांगितले जाणार नाहीत’. मॅपवाल्या बाईंनी एका भिंतीसमोर आणून ‘तुम्ही पोचलात’ म्हणून आधीच हात झटकलेले. घरांचे नंबर बघत जावं म्हटलं तर एका दारावर जो नंबर, त्याच्या शेजारी भलताच, नंबर टाकणारा मधेच जेवायला गेला असावा. क्लिनिकात फोन केला तर तिथली मुलगी म्हणते, खुन्या मुरलीधरापासून सरळ आत या. सरळ! पेठेत!

पण खरं सांगू का, मला हे देवांचे पत्तेच आवडतात. जिलब्या मारुती, सोन्या मारुती, गुपचूप गणपती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात देवळापाशी मारामारी होऊन माणसं मेली आणि बिचाऱ्या मुरलीधराला खुन्या चिकटलं ते आजतागायत. पासोड्या विठोबापाशी पासोड्यांचा बाजार भरायचा म्हणे, आता पासोडी बघितलेला माणूस मिळायचा नाही पण रिक्षावाला बरोब्बर नेऊन सोडतो.

शेवटी एक इस्त्रीवाला भेटला. या लोकांना सगळं माहीत असतं, कुठल्या मजल्यावर कुणाच्या किती साड्या जातात ते सुद्धा. कोळशाची इस्त्री बाजूला उभी करून त्याने मला अगदी कोपऱ्यापर्यंत येऊन बोळ दाखवला आणि जाता जाता विचारलं, “पुण्यात नवीन आला काय साहेब?” तो स्वतः प्रतापगढचा. मला इतकं हसू आलं की दात दुखायचा थांबला. पोचलो मग, उशिरा, ते जाऊ दे.

बाबा पत्ता विचारत नसत. कधीच नाही. लहानपणी एका लग्नाला निघालो होतो, स्कूटरवर पुढे मी उभा, मागे आई, तिच्या मांडीवर आहेराची पिशवी. पाकिटावर घरचा पत्ता होता, दुसरा चौक, जिन्याखालून आत, हौदाशेजारी. म्हणजे पूर्वी कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून यायचं ते हौद, वाड्यावाड्यात असायचे, पण वाडा कुठला ते लिहायला लोक विसरले होते. बाबा “इथंच असणार” म्हणत पुन्हा लक्ष्मी रोडला लागायचे, वनवेमुळे परत सगळा फेरा, आणि प्रत्येक फेऱ्याला तोच रसवंतीवाला. शेवटी शेवटी तर तो आमच्याकडे बघून ओळखीचं हसायला लागला. आई म्हणे, अहो विचारा ना. बाबा गिअर टाकत. मग एका चौकात गाडी थांबल्या थांबल्या आईने भाजीवालीला विचारून टाकलं, अगं तगं करत, दोन मिनिटं गप्पाही झाल्या. आईचं माहेर शुक्रवार पेठ. बाबा समोर बघत बसले होते, मान सुद्धा वळवली नाही. अक्षता चुकल्या त्या चुकल्याच, जिलबी मिळाली.

आम्ही घरात यावरून त्यांची फार चेष्टा केली. रिटायर झाल्यावर कधीतरी, विषय भलताच चालू असताना, ते बोलले. तासगावहून कॉलेजसाठी आले तेव्हा स्वारगेटला उतरून पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन एका गृहस्थांना नारायण पेठ विचारली. त्या गृहस्थांनी ट्रंकेकडे बघितलं, चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, “कुठल्या गावचे?” एवढंच. शिव्या नाहीत, काही नाही, रस्ता पण नीट सांगितला त्यांनी.

त्यानंतर बाबा पुण्यात चाळीस वर्षं राहिले, घर बांधलं, मतदान केलं, गणपती बघायला गावाकडच्यांना फिरवलं. पत्ता नाही विचारला.

मी आपला कुणालाही विचारत सुटतो. माझं काय जातंय, मी इथलाच.