मैमंदची खानेसुमारी

इराणच्या केरमान प्रांतात शहर-ए-बाबक म्हणून एक गाव आहे. ते मागे टाकलं की रस्ता बोडक्या डोंगरांत शिरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात मैमंद येतं. येतं म्हणजे ड्रायव्हर गाडी थांबवतो म्हणून कळतं. समोर नुसती टेकडी. डोळे सरावल्यावर तिच्या अंगावर काळी भोकं दिसू लागतात, एकावर एक, कुठे चार तर कुठे पाच थर. तीच घरं. मऊ खडकात हातांनी कोरलेली, चारशेच्या आसपास. आपण वेरूळ पाहिलेली माणसं, त्यामुळे लेण्यांचं अप्रूप नव्हतं. पण लेण्यात चहा उकळताना कधी पाहिला नव्हता.

घराला इथे ‘कीचे’ म्हणतात. दारातून वाकून आत गेलो आणि छताला हात लावला, तर बोटं काळीकुट्ट. खोलीच्या मध्यभागी जमिनीतच चूल. पिढ्यान्‌पिढ्यांचा धूर दगडावर बसून डांबरासारखा चकाकत होता. घरच्या आजींना ड्रायव्हर ‘हाज-खानूम’ म्हणत होता, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी खडीसाखर पुढे केली. ती दाताखाली धरायची आणि वरून कोरा चहा ओढायचा.

माझं फारसी मोडकंतोडकं. गावात माणसं किती, हे विचारायला ‘चंद नफर?’ एवढंच जमलं. विचारताना उगाच ओशाळलो, कारण आपल्याकडे नफर म्हणजे चाकर. आजींनी उलट विचारलं, ‘ज़मेस्तान या ताबेस्तान?’ हिवाळ्यात की उन्हाळ्यात?

तिथे माझी गोची झाली. 2006 च्या जनगणनेतला आकडा मी पाठ करून गेलो होतो: 181 कुटुंबं, 673 माणसं. पण मैमंदच्या जुन्या रीतीत एका घराची तीन बिऱ्हाडं. थंडीत या गुहा, कारण सव्वादोन हजार मीटर उंचीवरचा वारा दुसरीकडे सोसवत नाही. थंडी ओसरली की शेळ्यामेंढ्या घेऊन कुरणातल्या ‘सर-ए-आगोल’ला. आणि ऐन उन्हाळ्यात ‘सर-ए-बाग’, म्हणजे पाण्याकाठच्या बागांजवळ. यातला ‘बाग’ तर कोणी समजावून द्यायचीही गरज पडली नाही. याच फिरत्या जगण्यासाठी 2015 मध्ये युनेस्कोने मैमंदला जागतिक वारसा यादीत घेतलं. नुसत्या गुहांसाठी नव्हे, हे मला फार पटलं.

जनगणनेला इराणी माणूस ‘सरशोमारी’ म्हणतो, म्हणजे आपली शिरगणती. आपल्या जुन्या दप्तरांत मात्र खानेसुमारी. शब्द फारशीच, पण त्यात मोजायची ती घरं. मैमंदमध्ये ती करायला बसलं तर प्रत्येक कुटुंब तीनदा मोजलं जायचं, आणि माणसं तरीही हाती लागायची नाहीत.

मी गेलो तेव्हा एप्रिल होता. बहुतेक दारांना कुलपं होती. हाज-खानूमनी कनवटीचा जुडगा काढला, शेजाऱ्यांच्या किल्ल्यांचा. एकेक किल्ली बाजूला सारत त्या सांगत गेल्या आणि ड्रायव्हर मला समजावत गेला: हे आगोलला. हेही आगोलला. हे परवा येऊन गेले. एका किल्लीपाशी त्या थांबल्या, म्हणाल्या, ‘तेहरान’, आणि ती किल्ली न मोजताच पुढे सरकवली.