आखाजीचा पैसा आणि सीआरआरचे चौदा दिवस

२०२२ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३ मेला होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो दर ४.४० टक्के केला आणि सीआरआर, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा असतो तो, ४ वरून ४.५ टक्क्यांवर नेला. अंमल २१ मेच्या पंधरवड्यापासून. देशभरातून सुमारे ८७,००० कोटी शोषले जाणार होते. जळगावातल्या आमच्या शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँक कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या) सहकारी बँकेच्या वाट्याला चार कोटी आले, पण घाम फुटला तो ३० मेच्या संध्याकाळी.

सीआरआर आजच्या ठेवींवर मोजत नाहीत. २१ मे ते ३ जूनसाठी आधार होता ६ मेच्या शुक्रवारचा एनडीटीएल, म्हणजे बँकेची निव्वळ देणी, मुख्यतः ठेवी. आखाजीच्या विक्रीने सराफांची चालू खाती तेव्हा भरलेली होती. २१ मेपर्यंत तो पैसा माल भरण्यात निघून गेला, राखीव मात्र त्यावरही ठेवायचीच.

ढोबळ आकड्यांत सांगतो. देणी ८०० कोटी, सीआरआर ३६ कोटी. त्याच्या ९० टक्के, म्हणजे ३२.४० कोटी रोज रिझर्व्ह बँकेच्या खात्यात हवेतच. जुने ३२ कोटी ठेवले असते तर पहिल्याच दिवशी ४० लाखांची तूट. ती वेळीच पकडली, शिल्लक ३३ कोटी केली आणि तिथेच फसलो. किमान मर्यादा रोजची असली तरी पंधरवड्याची सरासरी पूर्ण ३६ लागते. चौदा दिवसांची बेरीज ५०४ हवी. ३० मेपर्यंतच्या दहा दिवसांत ३३० झाली. उरलेले चार दिवस रोज साडेत्रेचाळीस कोटी, आणि तेही शेतकऱ्यांची बी-बियाण्यासाठी उचल चालू असताना!

तिजोरीत रोकड होती. पण शेड्यूल्ड बँकेची रोकड एसएलआरमध्ये, म्हणजे रोकड, सोनं, सरकारी रोखे अशा रूपात बँकेने स्वतःकडे ठेवायच्या राखीव हिश्श्यात धरतात, सीआरआरमध्ये नाही. ती करन्सी चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणाऱ्या कोठाराला भरा, जमा होऊ द्या, मग आरटीजीएसने पाठवा. नोटा मोजण्यातच दिवस जातो. ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे रोखे, विकली तर पैसे दुसऱ्या दिवशी. ३१ तारखेला कशीबशी ३९ कोटी शिल्लक झाली, म्हणून पुढचे तीन दिवस ४५-४५ कोटी ठेवावे लागले.

३३ वरच राहिलो असतो तर सरासरी तीन कोटींच्या तुटीवर बँक दर अधिक ३, म्हणजे ७.६५ टक्क्यांनी सुमारे ८८ हजार दंड व्याज बसलं असतं. उलट जास्त ठेवलेल्या रकमेवर २००७ पासून व्याज शून्य, त्यामुळे आधीच भरमसाठ भरून ठेवणंही परवडत नाही. त्यानंतर पहिल्या आठवड्यात साडेछत्तीस ठेवू लागलो, आणि रोजच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: उरलेल्या दिवसांची रोजची गरज.