पंखे बंद करा, नांदी आहे

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी असतो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, अहवालवाचन, पाहुण्यांचं मनोगत हे सगळं होतं, व्हायलाच पाहिजे, आणि त्याबद्दल मी इथं एक ओळ जास्त लिहिणार नाही. तेवीस वर्षं चिटणीस आहे. अहवाल मीच वाचतो आणि तो कुणी ऐकत नाही हे मला व्यासपीठावरून स्वच्छ दिसतं.

पण या सगळ्याच्या आधी पाच मिनिटं असायची. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या विंगेतून मी पुढं यायचो आणि ओरडायचो, "पंखे बंद करा, नांदी आहे!" माईकचं बटण खाली. पंखे एकदम थांबत नाहीत. पाती घरघरत, रेंगाळत, एकेक करत थांबायची. तोवर मी बाजूच्या दारानं बाहेर पडून, वळसा घालून, शेवटच्या रांगेमागं जाऊन उभा राहायचो. आणि मग बंद पडद्याआडून आमच्या पेटीवाल्या सरांचा सूर यायचा. सर आता एक्क्याऐंशीचे. आवाज पूर्वीचा राहिलेला नाही, तार सप्तकाला ते आता नुसता हात लावून परत येतात. तरी शेवटच्या रांगेत शब्दन् शब्द पोचायचा. शब्द जाऊ द्या, दोन ओळींमध्ये सरांनी घेतलेला श्वास पोचायचा. पडदा हलायला लागेपर्यंत माझा चष्मा पुसायचा कार्यक्रम झालेला असायचा. दरवर्षी. बायको म्हणते, "तेच गाणं, तेच सर, रडायला काय होतं?" तिला सांगून उपयोग नाही, तिची शाळा सांगलीची.

या नाट्यगृहाशी माझी ओळख १९७८ सालची. सहावीत होतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात मावळा होतो. मावळ्याला वाक्य नव्हतं, भाला होता. चित्रकलेचे सर एकेकाच्या ओठावर काजळानं मिशी काढता काढता आम्हाला गप्प बसवायला गोष्टी सांगायचे. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तिथून येताना रोमचं ते गोल दगडी मैदान बघितलं आणि म्हणाले, माझ्या पैलवानांना असंच पाहिजे. म्हणून शेजारी खासबागेचं मैदान झालं, १९१२ ला. मग त्याला लागूनच हे थेटर. १९१३ ला काम धरलं, १९१५ च्या ऑक्टोबरात उघडलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. माझे आजोबा शेवटपर्यंत 'प्यालेस'च म्हणायचे. केशवरावांचं नाव १९५७ ला दिलं. सर हे सगळं सांगायचे आणि मध्येच म्हणायचे, "हलू नकोस, मिशी वाकडी जाईल." माझी गेलीच.

विचार करा, एका भिंतीच्या अलीकडं संगीत नाटक आणि पलीकडं कुस्तीचा हौद. दुसऱ्या कुठल्या गावच्या राजाला हे सुचलं असतं? नावात बाग आहे, पण खासबागेत फुलं बघायला कुणी जात नाही. मधोमध लाल मातीचा हौद आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेला उतार, कुठंही बसा, पैलवानाची पाठ लागलेली दिसणारच. आमच्या मेळाव्याला आलेली पोरं जेवणं झाली की त्या उतारावर लोळण घेत खाली यायची आणि पांढरे सदरे भगवे करून परतायची. त्यांच्या आयांनी या बाबतीत मला दरवर्षी बोल लावले आहेत. जणू मातीच्या रंगाला चिटणीस जबाबदार.

केशवराव भोसले हे संगीत नाटकातले गायक-नट, कोल्हापूरचेच. १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी हुबळीत ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली आणि १९२१ ला गेलेसुद्धा. अवघी एकतीस वर्षं. जाण्याआधी तीनच महिने बालगंधर्वांबरोबर मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी तो संयुक्त 'मानापमान' केला. पेटीवाल्या सरांच्या वडिलांनी म्हणे तो खेळ पाहिला होता. सरांनी हे मला निदान चाळीस वेळा सांगितलंय. तिकिटाची किंमत दरवेळी वाढते.

आता मामांबद्दल.

पडदेवाले मामा कुणाचेच मामा नाहीत, म्हणजे सगळ्यांचे आहेत. आमच्या मंडळात एक चाल आहे: मेळाव्यात पाहुण्यांचा सत्कार उरकल्यावर पडद्यामागच्या एका माणसाचा सत्कार करायचा आणि त्याला दोन शब्द बोलायला लावायचं. मला पाहुण्यांची भाषणं आठवत नाहीत. एक निवृत्त मोठे अधिकारी पन्नास मिनिटं बोलले होते, त्यातलं "वेळेअभावी" एवढंच लक्षात आहे. पण ज्यांना बोलायची सवय नाही, ज्यांचा हात शालीवरून खाली-वर होत राहतो, त्यांची दोन वाक्यं मला जन्मभर पुरतील. एका वर्षी मामांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, हार. मामांनी माईककडं असं बघितलं की जणू तो चावणार आहे. मग प्रेक्षागृहाकडं तोंड केलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. लोकांना वाटलं विसरले. मग म्हणाले, "एवढी मानसं बसत्यात व्हय हितं?"

हशा झाला. मामा हसले नाहीत. म्हणाले, "मी थेटर हितनं कधी बघितलंच न्हाई. मी कायम आडव्या अंगानं उभा. दोरी हातात. लोकं हसत्यात का रडत्यात, ते मला आवाजावरनंच कळतंय." आणि नारळ काखेत मारून, परवानगी न घेता, आपल्या विंगेत निघून गेले. कारण पुढचा पडदा त्यांनाच टाकायचा होता.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. घरी पुरणाची डाळ शिजत होती. केशवरावला आग लागल्याचा पहिला फोन आला तेव्हा वाटलं कुठंतरी कचरा पेटला असेल. गॅलरीत गेलो तर आकाश तांबडं. मिरजकर तिकटीच्या पुढं गाडी नेता येईना, तिथंच लावून पळत गेलो. ते मी सविस्तर लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना गरज नाही. एकच सांगतो. गर्दीत मामा होते. सगळे आगीकडं बघत होते आणि मामा पाठ करून, भिंतीला टेकून उभे. मी काही बोलणार इतक्यात आत काहीतरी मोठं कोसळलं. मामा तसेच, मागं न वळता म्हणाले, "छत गेलं."

दोरीनं उजव्या तळव्याला घट्टे पडलेत त्यांच्या, चार बोटांच्या मुळाशी चार. त्या रात्री ते घट्टे ते अंगठ्यानं चोळत होते, सारखे.

सकाळी गावातले कलावंत जळक्या दाराशी जमले. जयंती होतीच ना. कुणी रडत होतं, कुणी मोबाईल धरून होतं. त्या दिवसापासून आठवडाभर आमच्या मंडळाच्या ग्रुपवर जो महापूर आला! "माझं बालपण जळालं." "माझा रंगमंच गेला." मेणबत्त्या, काळी चौकट, तुटलेली हृदयं. बोलू नये, पण चिटणीस आहे, हजेरीची वही माझ्याकडं आहे. यातल्या निम्म्या लोकांनी गेल्या दहा वर्षांत मेळाव्याला पाय लावलेला नाही. आमची नोंद सव्वाचारशेची, येतात दीडशे, जेवायला होतात एकशे नव्वद. पुण्याची मंडळी बारा वाजता उगवतात, कारण अंबाबाईला गर्दी होती. मग एक फोटो, एक मसालेभात, आणि तीनला रंकाळा. यातल्या किती जणांनी नांदी ऐकलीय? बोटावर मोजा. वाईट वाटून घेऊ नये. घेतलं तरी पुढच्या वेळी या.

यंदाचा मेळावा दसरा चौकात शाहू स्मारक भवनात घेतला. जागा चांगली, लोक चांगले, वेळेत सगळं झालं. आभार मानायला उभा राहिलो आणि हाताला घाम सुटला. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आभारात मठ्ठ्याच्या वहिनींचं राहिलं. वहिनींनी पुढं वर्षभर माझ्याशी अबोला धरला आणि त्यानंतरचा मठ्ठा माझ्या वाटीत कायम पातळ पडला. तेव्हापासून मी पाकिटाच्या पाठीवर लिहून नेतो. इथंही सांगून टाकतो: पेटीवाले सर, आणि तबल्याला त्यांचा पोस्टातला भाचा. पडदेवाले मामा, ज्यांना यंदा टाकायला पडदा नव्हता तरी ते सकाळी सातला हजर होते. रांगोळीच्या दोघी बहिणी, १९८४ च्या तुकडीच्या, ज्यांचं आपसात पटत नाही पण रांगोळीत जोड दिसत नाही. शाळेचे शिपाई दादा. पत्रिका उधारीवर छापणारे छापखानेवाले (उधारी फेडली आहे). ध्वनिक्षेपकाचा पोरगा, जो नांदीच्या वेळी माईक बंद करायला सांगितलं की अजूनही माझ्याकडं वेड्यासारखा बघतो. चपला सांभाळणारे काका. फुलांच्या आक्का, ज्या हार दहा सांगितले की अकरा देतात, कारण एक पाहुणा नेहमी जास्तीचा येतो. जेवणानंतर पत्रावळी उचलणाऱ्या दोघी ताई. आणि वहिनी. वहिनी पहिल्या समजाव्यात.

शाहू स्मारकमध्येही मी ओरडलो, "पंखे बंद करा, नांदी आहे!" माईक बंद केला. सरांनी सूर लावला. मागं जाऊन उभा राहिलो. ऐकू आलं, नाही असं नाही. पण श्वास नाही आला. दुसऱ्या ओळीला सरांनीच हात करून माईक मागितला. पोरानं दिला. सर पुढं छान गायले, टाळ्या पडल्या. मी चष्मा पुसला नाही.

केशवराव होतं तसं उभं करणार, असं सगळेच म्हणतात, आणि करावंच. पत्र्याच्या कुंपणाआड काम चालतं, फटीतून दगडी भिंती दिसतात. आमचा एक वर्गमित्र बांधकामातला. तो म्हणतो, तापलेल्या दगडावर एकदम पाणी पडलं की वरचे पापुद्रे सुटतात, म्हणून एकेक दगड हातोडीनं वाजवून बघावा लागतो. भरीव वाजला तर ठेवायचा, पोकळ वाजला तर बदलायचा. जुन्या चुन्याच्या दरजेत सिमेंट भरून चालत नाही, सिमेंट कडक, दगडाला श्वास घेऊ देत नाही. मला यातलं फार कळत नाही. पण 'होतं तसं' म्हणजे कधी होतं तसं? १९१५ सारखं? शताब्दीच्या आगेमागे नूतनीकरण झालं तसं? प्रत्येकाचं 'होतं तसं' त्याच्या स्वतःच्या सहावीचं असतं. माझं मागणं एवढंच की खुर्च्या कसल्याही बसवा, रंग कसलाही द्या, पण छताला आतून काय लावणार आणि भिंतींना काय चिकटवणार, ते ठरवण्याआधी एक एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पडद्याआड बसवून शेवटच्या रांगेत कुणीतरी उभं राहून ऐका. मापं घेणारी यंत्रं असतीलच, त्यांनीही घ्या. मी फुकट उभा राहीन.

मामांना वेगळीच चिंता आहे. परवा शिपाई दादांच्या नातवाच्या बारशाला भेटले. विचारलं, "नव्या थेटरात पडदा बटणावर असनार म्हनं?" मी म्हटलं, मला कल्पना नाही. म्हणाले, "असूं दे की. पर लाइट गेली तर? दोरी पन ठेवा म्हनावं येक, बाजूला."

एक राहिलंच. २०२५ च्या मेळाव्यासाठी केशवरावची अनामत मी २०२४ च्या जुलैतच भरली होती, दरवर्षीसारखी. आग लागल्यावर ती परत मागता आली असती, अर्ज एका पानाचा असतो. मी केला नाही. पावती पाकिटात आहे, आभाराच्या यादीला लागूनच. मार्चअखेरीला खजिनदारांनी हिशेब लावायला घेतला आणि पावतीवर बोट ठेवून विचारलं, "ही कुठं दाखवू? बुडीत?"

म्हटलं, "येणे दाखव."