जर्मनीचा पाहुणा आणि आपली बर्डी

ऑफिसात जर्मनीहून आलेल्या पाहुण्याला आज नागपूर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी तर्री पोहे. पहिल्या घासाला गडी लालबुंद, डोळ्यांत पाणी, तरी प्लेट पुढे करून म्हणतो, अजून थोडी तर्री!

मग सीताबर्डी. त्याचा एकच प्रश्न, सगळे एवढे हॉर्न का वाजवतात? मी ऑटोवाल्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "हॉर्न नाही वाजवला तं समोरच्याले कसं समजन, का आपण येऊन रायलो?" हे इंग्रजीत सांगताना माझीच दमछाक. त्याने मात्र गंभीरपणे मान डोलावली.

झिरो माईलला तो खांबावर कोरलेली गावांची अंतरं वाचत बसला. मी इथेच जन्मलो, रोज तिथून गाडी काढतो, पण उतरून कधी वाचली नव्हती. (लाज वाटली, खरंच.)

दीक्षाभूमीवर तो बराच वेळ गप्प होता. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत इथे बौद्ध धम्म स्वीकारला हे सांगितलं, तर विचारतो, एवढे लोक एका दिवशी आले कसे? माझे आजोबा चालत आले होते, म्हटलं. मग तासभर आजोबांबद्दलच विचारत राहिला.

जाताना संत्रा बर्फीचे चार डबे घेतले. एक तर मेट्रोतच संपला.